पाच साइट, एक खातं: शेअर्डवर राहावं की रीसेलर घ्यावं?

वाचकाचं पत्र: मी सांगलीत छोट्या व्यावसायिकांना वर्डप्रेसच्या साइट करून देतो. एक दवाखाना, एक मंगल कार्यालय, एक क्लास, एक बेदाण्याचे व्यापारी आणि माझी स्वतःची, अशा पाच साइट माझ्या एकाच शेअर्ड होस्टिंगच्या (एका सर्व्हरवर अनेकांना जागा वाटून देणाऱ्या सेवेच्या) खात्यात अ‍ॅडऑन डोमेन म्हणून, म्हणजे त्याच खात्याला जोडलेले जादा पत्ते म्हणून आहेत. गेल्या महिन्यात मंगल कार्यालयाची साइट उघडली की जुगाराचं पान येऊ लागलं. ती साफ केली, तर आठवड्याभरात क्लासच्या साइटवर तेच सुरू झालं. शिवाय संध्याकाळी साइट अडकतात, मधूनच ५०८ क्रमांकाची एरर दिसते. पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. सध्याच्या प्लॅनला वर्षाला ६,००० रुपये पडतात. तीच कंपनी ३० खात्यांचं रीसेलर होस्टिंग (घाऊक घेऊन आपल्या ग्राहकांना विकायचं) महिन्याला १,१०० रुपयांत देतेय. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. ग्राहकांकडून मी होस्टिंगचे वर्षाला ३,००० रुपये घेतो. रीसेलर घेतलं तर साइट वेगात चालतील का, हॅकिंग थांबेल का आणि चार पैसे सुटतील का?

उत्तर:

नमस्कार. तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी थेट देतो. वेग वाढणार नाही. हॅकिंग थांबणार नाही, पण एका साइटची लागण दुसरीला होणं थांबेल. आणि चार ग्राहकांच्या जोरावर पैसे सुटणार तर नाहीतच, उलट खिशातले जातील. तरीही आहे त्या एका खात्यात सगळ्यांना ठेवून नूतनीकरण करू नका. तुमच्यासाठी तिसरा रस्ता जास्त बरा आहे. त्याकडे येण्याआधी लागण का पसरली ते पाहू, कारण सगळा निर्णय तिथेच अडलाय.

सीपॅनेल या होस्टिंग सांभाळण्याच्या पॅनेलमधल्या एका खात्याला सर्व्हर एकच वापरकर्ता समजतो. अ‍ॅडऑन डोमेन कितीही जोडा, पाचही साइटच्या फाइली त्या एकाच वापरकर्त्याच्या मालकीच्या राहतात. म्हणजे एका वाड्यात पाच बिऱ्हाडं आणि कुलूप काय ते दिंडी दरवाजाला. मंगल कार्यालयाच्या साइटवर एखाद्या जुन्या प्लगइनमधून घुसलेली पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) फाइल शेजारच्या फोल्डरमधली क्लासची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल सहज वाचते. त्या फाइलमध्ये डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड उघड लिहिलेले असतात. तिथून क्लासच्या डेटाबेसमध्ये नवा अ‍ॅडमिन तयार करायला काही क्षण पुरतात. म्हणून तुम्ही एक साइट साफ केलीत आणि दुसरीत बसलेला चोर परत आला. पाचही साइट एकदम साफ होत नाहीत तोवर हे चक्र चालूच राहील.

रीसेलरमध्ये प्रत्येक ग्राहकाचं सीपॅनेल वेगळं असतं. तुम्ही वरून डब्ल्यूएचएम नावाच्या पॅनेलमधून ती खाती तयार करता, बंद करता, त्यांना जागा वाटून देता. प्रत्येक खातं म्हणजे सर्व्हरवरचा वेगळा वापरकर्ता. सर्व्हरवर क्लाउडलिनक्स ही प्रणाली आणि त्यातलं, खाती एकमेकांपासून वेगळी ठेवणारं केजएफएस चालू असेल, तर एका खात्याला दुसऱ्याच्या फाइली दिसतही नाहीत. हा खरा फायदा आहे. पण हाच फायदा प्रत्येक ग्राहकाला त्याचं स्वतंत्र, लहान शेअर्ड खातं घेऊन दिल्यानेही मिळतो, आणि पुष्कळ जण नेमकं हेच विसरतात. भिंत हवी असेल तर खाती वेगळी हवीत. ती रीसेलरखालीच हवीत असं काही नाही.

आता वेग. रीसेलरची खाती बहुधा शेअर्डसारख्याच सर्व्हरवर असतात, यंत्र वेगवान होत नाही. ५०८ ची एरर येते ती खात्याला ठरवून दिलेली एकाच वेळच्या विनंत्यांची मर्यादा भरल्यावर. सीपॅनेलमध्ये तिला एंट्री प्रोसेस म्हणतात, आणि बऱ्याच शेअर्ड प्लॅनमध्ये ती २० असते. २० म्हणजे २० पाहुणे असं नाही. एका क्षणी पीएचपीकडून चालू असलेली २० कामं. एक पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदाला ४० पानं निघतात, आणि सांगलीतल्या मंगल कार्यालयाला एवढी गर्दी कधीच होणार नाही. पण पान ४ सेकंद घेत असेल तर तीच क्षमता सेकंदाला ५ पानांवर येते. त्यात तुमच्या पाच साइट त्या २० मध्ये वाटेकरी आहेत आणि एक-दोन साइटवर घुसखोराचे प्रोग्रॅम चालू आहेत. सीपॅनेलमधलं रिसोर्स युसेज उघडा आणि संध्याकाळच्या वेळचा आलेख पाहा. मग रॉ अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) उतरवून घ्या आणि कोणत्या फाइलवर सर्वाधिक विनंत्या येतात ते मोजा. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या प्रोग्रॅमना वर्डप्रेसशी बोलू देणारी फाइल) किंवा लॉगिनच्या पानावर शेकडो विनंत्या दिसल्या तर तो बॉटचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचा मारा आहे. एक्सएमएल-आरपीसी बंद करा, लॉगिनला प्रयत्नांची मर्यादा लावा, पेज कॅश (तयार पानाची प्रत साठवून तीच दाखवणं) चालू करा. यातलं काहीही न करता रीसेलरवर गेलात तर तीच अडखळण तिथेही दिसेल.

पैशांचा हिशेब मांडू. १,१०० गुणिले १२ म्हणजे १३,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २,३७६, एकूण १५,५७६. चार ग्राहकांकडून येणार १२,०००. म्हणजे ३,५७६ रुपये पदरचे, आणि त्यात तुमच्या वेळेची किंमत धरलेलीच नाही. सध्याच्या ३,००० च्या दराने खर्च भरून निघायला सहा ग्राहक लागतात. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. (सेवांसाठी आपल्याकडे ही नोंदणी वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते, त्यामुळे तुमच्यासारख्या व्यवसायात ती बहुधा नसते.) शिवाय १,१०० हा पहिल्या वर्षाचा दर आहे की नूतनीकरणाचाही, हे लेखी विचारा. सुरुवातीचा दर कमी आणि पुढचा दुप्पट-तिप्पट ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे, आणि ३० ग्राहक बसवून झाल्यावर दर वाढला की हलणं अवघड होतं.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट जबाबदारीची. शेअर्डमध्ये अडचण आली की ग्राहक कंपनीला तिकीट टाकू शकतो. रीसेलरमध्ये कंपनी फक्त तुमच्याशी बोलते, तुमच्या ग्राहकाशी नाही. दवाखान्याचा मेल रविवारी रात्री बंद पडला तर फोन तुम्हालाच येणार. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सेवा पुरवणाऱ्यांनाही लागू आहेत. वेबसाइटमध्ये घुसून परक्या लिंक किंवा घातक कोड टाकणं हा प्रकार त्यांच्या यादीत स्पष्ट लिहिलेला आहे, आणि अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. होस्टिंग स्वतःच्या नावाने विकायला लागलात की हे तुमच्या अंगावर येतं. एकट्याने काम करणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

म्हणून माझा सल्ला असा. या नूतनीकरणाला प्रत्येक ग्राहकाला एका साइटचा, सगळ्यात लहान शेअर्ड प्लॅन त्याच्या स्वतःच्या नावाने, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या पैशाने घेऊन द्या. डोमेनही तपासा. ते तुमच्या नावावर असेल तर ग्राहकाच्या नावावर करून द्या, कारण डोमेन ही त्याच्या व्यवसायाची मालमत्ता आहे. तुम्ही होस्टिंगचे ३,००० घेणं थांबवा आणि देखभालीचे पैसे घ्या: दर महिन्याला अपडेट, बॅकअपची तपासणी, वर्षातून ठरावीक तासांचे बदल. हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. होस्टिंगच्या विक्रीत ग्राहक तुमची तुलना सगळ्यात स्वस्त जाहिरातीशी करतो, देखभालीत तुमच्या कामाशी. तुमची स्वतःची साइट आहे त्या कंपनीच्या लहान प्लॅनवर ठेवा.

रीसेलर कधी घ्यायचं? सात-आठ ग्राहक दरवर्षी वेळेवर पैसे देत असतील, त्यातल्या बहुतेकांना पॅनेलकडे बघायचंच नसेल, आणि तुम्ही गावाला गेलात तर फोन उचलणारं दुसरं कोणीतरी असेल, तेव्हा. घेताना जागेचे आकडे शेवटी बघा. आधी विचारा की सीपीयू आणि मेमरीची मर्यादा प्रत्येक खात्याला वेगळी आहे की तुमच्या सगळ्या खात्यांना मिळून एकच. एकच असेल तर ३० खात्यांचा उपयोग नाही. ताशी किती मेल जाऊ शकतात, आणि ती मर्यादा डोमेनमागे की एकूण? बॅकअप रोज होतो का, किती दिवसांचे ठेवतात, आणि एकाच खात्याचा बॅकअप तुम्हाला स्वतः परत आणता येतो का? सीपॅनेलमधून घेतलेला पूर्ण बॅकअप सीपॅनेलमधूनच परत चढवता येत नाही, तो डब्ल्यूएचएमच्या बाजूने चढवावा लागतो. त्यामुळे ती परवानगी तुम्हाला आहे का, हे महत्त्वाचं. ‘अमर्यादित जागा’ लिहिलं असेल तर आयनोडची मर्यादा विचारा. प्रत्येक फाइल एक आयनोड खाते, आणि सर्व्हरवरच्या मेलपेटीतला प्रत्येक मेलही. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी पाच वर्षांचे मेल सर्व्हरवर साठवलेत की जागा रिकामी दिसत असतानाही खातं भरतं. आणि पैसे भरण्याआधी रविवारी रात्री सपोर्टला एक तांत्रिक प्रश्न पाठवून बघा. उत्तर किती वेळात येतं आणि प्रश्न वाचून लिहिलेलं आहे का, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

रीसेलरमध्ये आणखी दोन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, जागावाटप. एकूण ५० जीबी घेऊन प्रत्येकाला ५ जीबीचं पॅकेज दिलं की ३० खात्यांना कागदावर १५० जीबी वाटली जाते. बहुतेक जण कमी वापरतात म्हणून ते चालून जातं, पण एखाद्याने बॅकअपच्या फाइली खात्यातच साठवल्या की गणित बिघडतं. आधी १ जीबीचं पॅकेज द्या, गरज पडेल तसं वाढवा. दुसरं, स्वतःचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर). तुमच्या डोमेनखाली दोन नेमसर्व्हर नोंदवता येतात आणि ते खरंच सोयीचे आहेत. उद्या कंपनी बदललीत तर त्या दोन नोंदींचे आयपी बदलायचे, ग्राहकांच्या डोमेनला हात लावावा लागत नाही. पण तुमच्याच डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं तर सगळ्या ग्राहकांच्या साइट आणि मेल एकाच दिवशी बंद पडतात. असे नेमसर्व्हर ठेवणार असाल तर ते डोमेन पाच वर्षांसाठी आगाऊ भरा.

आता प्रत्यक्ष काम, आणि त्यातली पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची. बिघडलेल्या साइट नव्या खात्यांत जशाच्या तशा उचलून नेऊ नका. तसं केलंत तर चोरालाही नवं घर मिळेल. आधी पाचही साइटची प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. मग नव्या खात्यात वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन मूळ ठिकाणाहून ताजे बसवा. जुन्यातून फक्त अपलोड्स फोल्डर आणि डेटाबेस आणा. अपलोड्समध्ये फोटो आणि पीडीएफ असतात, तिथे पीएचपी फाइलचं काही काम नसतं. एक जरी सापडली तरी काढा. डेटाबेसच्या युजर्स टेबलमध्ये अनोळखी अ‍ॅडमिन शोधा. जुन्या खात्यातले क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), एफटीपी खाती (फाइली चढवण्याची) आणि मेल फॉरवर्डर (मेल दुसरीकडे पाठवणाऱ्या नोंदी) पाहा. माहीत नसलेलं काही तिथे असेल तर नोंद करून उडवा. गूगल सर्च कन्सोलमध्ये साइटचे मालक म्हणून कोणी परका जोडला गेलाय का तेही बघा, जुगाराच्या पानांमागे असणारे बरेचदा तसं करतात. पासवर्ड सगळेच बदला: अ‍ॅडमिन, डेटाबेस, सीपॅनेल, मेलपेट्या. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या सॉल्ट (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरमाळा) नव्याने भरा, म्हणजे आधी लॉगिन होऊन बसलेले सगळे बाहेर पडतील. आणि कुठे फुकट मिळवलेली पेड थीम किंवा प्लगइन वापरलं असेल तर ते काढून टाका. अशा प्रतींमध्ये मागचा दरवाजा अनेकदा आधीपासूनच ठेवलेला असतो.

हलवताना एक अडचण हमखास येते. नवं खातं त्याच कंपनीच्या त्याच सर्व्हरवर पडलं, तर डोमेन आधीच अस्तित्वात आहे असं सांगून सर्व्हर ते घेत नाही. आधी जुन्या खात्यातून अ‍ॅडऑन डोमेन काढावं लागतं, आणि तेवढा वेळ साइट बंद राहते. म्हणून कंपनीला वेगळा सर्व्हर मागा किंवा हे काम रात्री उशिरा करा. डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून निर्यात करून नव्या ठिकाणी चढवा. सीपॅनेलमध्ये डेटाबेसच्या नावाआधी खात्याचं नाव लागत असल्यामुळे नाव बदलेल, तेव्हा कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेस, युजर आणि पासवर्ड तिन्ही दुरुस्त करा. वर्डफेन्ससारखं सुरक्षा प्लगइन असेल तर ते एका छोट्या आयएनआय फाइलमध्ये जुन्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतं. ती फाइल तशीच नव्या खात्यात आली की साइट कोरी दिसते आणि कारण सापडत नाही. ती आणू नका, प्लगइनला नवी तयार करू द्या.

डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं त्याच्या नोंदी) बदलण्याआधी एक दिवस टीटीएल (नोंद किती वेळ साठवायची ती मुदत) १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणा. १४,४०० म्हणजे चार तास, तेवढा वेळ जुनी नोंद ठिकठिकाणी साठलेली असते. मग तुमच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी लिहून साइट पूर्ण तपासा, फॉर्म भरून बघा, आणि मगच ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी सांगणारी नोंद) बदला. त्याआधी जुन्या झोनमधल्या (डोमेनच्या डीएनएस नोंदींच्या संचातल्या) सगळ्या नोंदींची यादी उतरवून ठेवा. नव्या खात्याचा झोन कोराच तयार होतो, आणि गूगलच्या पडताळणीची किंवा डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) नोंद राहून जाणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे. साइटचं मोफत एसएसएल प्रमाणपत्र डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच निघतं. त्यामुळे ए रेकॉर्ड बदलल्यावर लगेच सीपॅनेलमधून ऑटोएसएसएल चालवा. नाहीतर काही तास लोकांना लाल इशारा दिसेल.

मेलबद्दल थोडं सविस्तर, कारण बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी साइट एक दिवस बंद राहिली तरी चालेल, पण सौद्याचा एक मेल हरवलेला चालणार नाही. नव्या खात्यात मेलपेट्या आधी तयार करा, नंतर एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ती नोंद) वळवा. जुने मेल थंडरबर्डमध्ये दोन्ही पेट्या आयमॅपने जोडून एकीकडून दुसरीकडे ओढता येतात. वळवल्यानंतर जुनं खातं निदान दहा दिवस चालू ठेवा आणि तिथे चुकून येणारे मेल रोज बघा. नेमसर्व्हरच बदलले असतील तर काही ठिकाणी जुना पत्ता ४८ तासांपर्यंत टिकतो. नव्या सर्व्हरवर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती नोंद) आणि डीकेआयएम दोन्ही लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यातलं निदान एक मागतं, आणि ते नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो. सीपॅनेलमधल्या ईमेल डिलिव्हरेबिलिटीच्या पानावर दोन्ही हिरवे दिसले पाहिजेत. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच हवी. दोन असल्या की दोन्ही बाद.

आणि ज्या ग्राहकाचा मेल गूगल वर्कस्पेसवर असेल (दवाखान्याचा असण्याची शक्यता आहे, विचारून घ्या) त्याच्या नव्या खात्यात ईमेल राउटिंगमध्ये जाऊन रिमोट मेल एक्स्चेंजर (मेल बाहेरच्या सर्व्हरवर आहे असं सांगणारा पर्याय) निवडा. ते लोकलवर राहिलं तर साइटवरच्या अपॉइंटमेंट फॉर्मचा मेल सर्व्हर स्वतःकडेच ठेवून घेतो किंवा तशी पेटी नाही म्हणून परतवतो. बाहेरून येणारे बाकीचे सगळे मेल व्यवस्थित पोचत असतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही, आणि दवाखान्याला आठवडाभर वाटत राहतं की साइटवरून पेशंट यायचे बंद झालेत. साइट वळवल्याच्या दिवशी फॉर्म स्वतः भरा, दवाखान्यात फोन करा आणि तो मेल त्यांच्या पेटीत दिसला का हे त्यांच्याकडून ऐका. मगच जुनं खातं बंद करायची तारीख ठरवा.